परळ की भायखळा?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला नीटमध्ये केईएम आणि जेजे ही दोन्ही महाविद्यालयं आवाक्यात येतील एवढे गुण मिळाले, की ती बातमी एका घरापुरती राहत नाही. आश्रमशाळेचे सर येऊन जातात, क्लासवाल्यांचे फोन येतात, सुरतेला कामाला असलेला मामा आपलं मत कळवतो. कुणी म्हणतं, जेजे घ्या, सरकारी आहे आणि जुनं आहे. कुणी म्हणतं, केईएमच, कट-ऑफ तिथलाच सगळ्यात वर जातो. सांगणारे सगळे मनापासून सांगत असतात, पण त्यातल्या बहुतेकांनी ही दोन रुग्णालयं आतून पाहिलेली असतात ती एखाद्या आजारी नातेवाइकासोबत, जिन्याखाली रात्र काढताना. तिथे शिकणं कसं असतं हे सांगणारं माणूस गावात बहुधा नसतंच. या प्रकरणात तेवढंच सांगायचा प्रयत्न आहे.

अमेरिकेत ही निवड वेगळ्या वयात आणि वेगळ्या तऱ्हेने होते. तिथे आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, त्यात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे ठरावीक विषय करायचे, मग एमकॅट ही परीक्षा देऊन वैद्यकीय महाविद्यालयात जायचं. त्यामुळे ड्यूक की जॉन्स हॉपकिन्स असा घोळ घालणाऱ्या तिथल्या मुलाला चुकलंच तर पुढे आणखी एक वळण मिळतं. आपल्याकडे अठराव्या वर्षी यादी भरली की साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. मधेच महाविद्यालय बदलण्याची सोय जवळपास नाही. म्हणून यादी भरण्यापूर्वी ती यंत्रणा चालते कशी, ते नीट समजून घ्यायला हवं.

जागांचे दोन रस्ते आहेत. राज्यातल्या शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलकडून. अनुसूचित जमातींसाठी पहिल्या रस्त्यावर साडेसात टक्के आरक्षण आहे, दुसऱ्यावर सात टक्के. केईएमला आणि जेजेला प्रत्येकी २५० जागा आहेत, म्हणजे ढोबळ हिशोबाने एकेका ठिकाणी ३७-३८ जागा देशाच्या यादीतून जातात. दोन्हीकडचे अर्ज वेगळे भरावे लागतात. राज्याचा फॉर्म भरला म्हणजे झालं, असं समजून पहिला रस्ता सोडून देणारी मुलं आजही आहेत. दिल्लीचं एम्स असो की २०१८ मध्ये सुरू झालेलं नागपूरचं, तिकडे जाण्याची वाट केंद्राच्याच प्रक्रियेतून आहे, हे त्यांना उशिरा कळतं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका समजुतीने होतं. ‘वर मोठी नावं टाकली आणि ती मिळाली नाहीत, तर खालचंही हातचं जाईल.’ तसं होत नाही. संगणक गुणवत्ता यादीत सगळ्यात वर असलेल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. तुमची पाळी आली की तुमची पसंती वरून खाली वाचत जातो आणि तुम्हाला मिळू शकेल अशी जागा जिथे पहिल्यांदा शिल्लक सापडेल, ती तुमच्या नावावर टाकतो. वरची दहा नावं मिळाली नाहीत म्हणून अकराव्या नावावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे खरी आवड ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने लिहिणं, हीच इथली सर्वोत्तम चाल आहे. जागा आणि माणसं यांची जोडणी कशी करावी, याचं एक शास्त्रच आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ मध्ये त्याचा पाया घातला. अमेरिकेतले नवे डॉक्टर आणि रुग्णालयं यांची सांगड घालणाऱ्या पद्धतीवर अल्विन रॉथ यांनी पुढे काम केलं, आणि २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शेपली व रॉथ यांना मिळालं. आपल्या सायबर कॅफेत बसून भरल्या जाणाऱ्या यादीलाही त्याच शास्त्राचे नियम लागू पडतात. फक्त फेऱ्यांचे नियम दर वर्षी माहितीपुस्तिकेत वाचावेत. कोणत्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते आणि अनामत रक्कम कधी बुडते, हे बदलत राहतं. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप जाते, हेही आधीच माहीत असू द्यावं.

आता त्या दोन इमारतींकडे येऊ.

भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचं महाविद्यालय आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय, दोन्ही एकाच आवारात. इथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळचं संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी याच महाविद्यालयात जागा मिळवून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. जेजेत शिकणाऱ्या मुलाच्या पायाखालची जमीन अशी आहे.

परळची कथा पुढच्या शतकातली, आणि मला ती जास्त ओढ लावते. वैद्यकीय शिक्षणातली मोठी पदं तेव्हा बहुतांशी गोऱ्या सरकारी डॉक्टरांकडे असत. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी महापालिकेला देणगी देताना अट घातली, की शिकवणारे डॉक्टर भारतीय असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. महाविद्यालय १९२५ मध्ये सुरू झालं आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये. डॉ. जीवराज मेहता तिथले पहिले डीन. हेच पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथे हृदय प्रत्यारोपणाचा भारतातला पहिला प्रयत्न केला. दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण केल्याला तेव्हा अडीच महिनेच झाले होते. रुग्ण काही तासच जगला, पण महापालिकेच्या रुग्णालयात, तेवढ्याच साधनांवर, ती हिंमत करणारे शिक्षक होते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेही केईएमलाच.

इतिहास सांगितला तो अभिमानासाठी. निवडीसाठी मात्र आजचा फरक पाहायला हवा, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. जेजे राज्य शासनाचं आहे, केईएम मुंबई महापालिकेचं. राज्य शासनाच्या वैद्यकीय शिक्षकांच्या बदल्या राज्यभर होतात. त्यामुळे जेजेत तुम्हाला शिकवणारे सर धुळ्याला, नांदेडला किंवा अंबाजोगाईला काम करून आलेले असू शकतात. साधनं तुटपुंजी असताना माणूस कसा वाचवायचा, हे त्यांना माहीत असतं. महापालिकेचे शिक्षक मुंबईतच राहतात. केईएममधली युनिटं त्यामुळे वर्षानुवर्षं एका शिस्तीत चाललेली दिसतात, गुरू-शिष्यांच्या दोन-तीन पिढ्या एकाच विभागात सापडतात. दोन्हींत लाभ आहे, पण लाभाची जात वेगळी.

रुग्णांची संख्या दोन्हीकडे प्रचंड आहे. केईएमच्या ओपीडीत वर्षाला सुमारे १८ लाख रुग्ण येतात. शिकणाऱ्याला याचा फायदा सरळ आहे, दुर्मिळ म्हणून पुस्तकात वाचलेला आजार इथे आठवड्यातून दोनदा समोर येतो. पण गर्दीला दुसरी बाजूही आहे. एका खाटेभोवती रेसिडेंट, इंटर्न आणि २५० जणांच्या वर्गातली एक तुकडी उभी असते. सलाईन लावायची, जखम शिवायची, बाळंतपणात हात लावायची पाळी ज्याच्यात पुढे सरकण्याचा धीर आहे, त्यालाच मिळते. लाजरं मूल मागच्या रांगेत उभं राहून पाच वर्षं पाहतच राहू शकतं.

मग एवढ्या मोठ्या नावाने खरंच किती फरक पडतो? यावर चांगले अभ्यास झाले आहेत, जरी ते अमेरिकेतले असले तरी. बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या नामांकित सरकारी शाळांमध्ये प्रवेश परीक्षेच्या सीमारेषेवर जेमतेम आत गेलेली मुलं आणि जेमतेम बाहेर राहिलेली मुलं, यांची तुलना अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्या परीक्षांत दोन्ही गटांत फारसा फरक सापडला नाही. हुशार मुलं आत जातात म्हणून शाळा मोठी दिसते, असा त्याचा अर्थ. त्याआधी २००२ मध्ये स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी विद्यापीठांबद्दल असाच निष्कर्ष काढला होता. मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळूनही कमी नावाच्या ठिकाणी गेलेली मुलं पुढे कमाईत मागे पडली नाहीत.

पण डेल आणि क्रूगर यांच्या अभ्यासात एक अपवाद होता, आणि नंदुरबारच्या वाचकाने तोच लक्षात ठेवावा. गरीब घरातून आलेल्या मुलांना मोठ्या ठिकाणी जाण्याचा खरोखर फायदा झाला होता. पुढच्या अभ्यासात ज्यांचे आईवडील फार शिकलेले नव्हते अशांबाबतही तेच दिसलं. कारण समजण्यासारखं आहे. डॉक्टर आईवडिलांच्या मुलाला ओळखी, पुस्तकं, पुढच्या परीक्षांची माहिती आणि बोलण्याचा आत्मविश्वास घरातच मिळतो, महाविद्यालयाने त्यात थोडीच भर घालायची असते. ज्याच्या घरात याआधी कुणी दहावीपुढे गेलेलं नाही, त्याला हे सगळं महाविद्यालयच देतं. म्हणून मुंबईच्या मुलाने केईएम सोडून दुसरं काही घेतलं तर फार बिघडत नाही. धडगावच्या मुलीने ते ‘लांब आहे’ म्हणून सोडलं तर बिघडू शकतं.

आपल्या भागातलं उदाहरण आहेच. डॉ. राजेंद्र भारूड यांचं गाव सामोडे, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. भिल्ल समाजातलं, अत्यंत गरीब घर. वडील जन्माआधीच गेलेले. आईने मोहाची दारू विकून मुलांना वाढवलं, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे. शिक्षण अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात, आणि तिथून २००६ मध्ये थेट परळचं जी. एस. मेडिकल, म्हणजे केईएमचंच महाविद्यालय. डॉक्टरकीचा अभ्यास सुरू असतानाच त्यांनी यूपीएससीची तयारी केली, आयएएस झाले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून आले. कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर सगळे सुटकेचा श्वास घेत असताना त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यात ऑक्सिजननिर्मितीचा पहिला प्रकल्प उभारला. २०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर सिलिंडरसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. तो निर्णय प्रशासकाचा होता, पण श्वास कमी पडलेला माणूस किती लवकर हातचा जातो, हे वॉर्डात उभं राहून शिकलेल्या माणसाचाही होता.

या वाटेवर धोकेही आहेत आणि ते लपवणं मुलांशी अप्रामाणिकपणाचं होईल. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की सारख्या कुवतीची मुलं अतिहुशारांच्या वर्गात बसली की स्वतःला कमी लेखू लागतात. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी केईएमच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत वर्गाच्या तळाशी असू शकते. तिने मराठीतून नीट दिलेली असते (२०१७ पासून ती सोय आहे), आणि शरीररचनाशास्त्राचं जाडजूड पुस्तक इंग्रजीत समोर येतं. पहिले सहा महिने सगळ्यांनाच जड जातात. तिला मात्र ते आपल्या जातीमुळे, भाषेमुळे, गावामुळे जड जातात असं वाटू लागतं, आणि तसं सुचवणारी माणसंही आजूबाजूला भेटतात. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात निवासी डॉक्टर असलेल्या डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. एवढी शिकलेली, पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोचलेली मुलगी एकटी पडू शकते, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवायला हवं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि प्रत्येक महाविद्यालयात समिती असावी लागते. त्या समितीचे फोन नंबर आईबापाच्या वहीतही लिहिलेले असू द्या.

म्हणून परळ आणि भायखळा यांतून एक निवडताना माझ्या मते सगळ्यात वजनदार गोष्ट वसतिगृह आहे, आणि त्या वसतिगृहात आपल्याकडचं कोण आहे ही. तळोद्याचा, नवापूरचा, शिरपूरचा एखादा सीनियर तिथे असेल, तर कोणतं पुस्तक घ्यायचं, कोणत्या मॅडमपुढे व्हायवाला कसं उभं राहायचं, मेसचे पैसे संपले तर कुणाकडे जायचं, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. प्रवेश मिळण्याआधी दोन्हीकडच्या अशा विद्यार्थ्यांना शोधून फोन करा. ते फोनवर मोकळेपणाने बोलतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, तिची चौकशी तळोदा किंवा नंदुरबारच्या प्रकल्प कार्यालयात करता येते.

सगळं सारखंच असेल तर मी परळ वर लिहीन, आणि त्याचं कारण सातपुड्यातच आहे. भिल्ल, पावरा, मावची समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आजार झालेलं मूल हाडं फुटल्यासारख्या वेदनांनी रात्रभर रडतं आणि घरच्यांना कारण कळत नाही. या आजारावर काम करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था केईएमच्याच आवारात आहे. धडगावच्या ज्या मुलीने हे दुखणं घरात पाहिलंय, तिला त्या आवारात पाच वर्षं काढायला मिळाली तर तिच्यासमोर जे प्रश्न उभे राहतील, ते मुंबईच्या मुलासमोर उभे राहणार नाहीत.

एक कागद मात्र अकरावीतच हातात घ्यायला हवा, तो म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राज्याच्या जागांसाठी ते लागतं. समिती जुने पुरावे मागते. १९५० पूर्वीची आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद सगळ्यात मोलाची, आणि आपल्याकडे तेव्हा शाळेत गेलेले आजोबा किती घरांत होते? त्यामुळे वेळ जातो. निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांची जागा केवळ या एका कागदासाठी अडते. नंदुरबारला समितीचं कार्यालय आहे, दोन वर्षं आधी अर्ज करा.

दुसरी बाब बंधपत्राची. राज्यातल्या शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते, नाहीतर दहा लाख रुपये भरावे लागतात. एम्सला हे बंधपत्र लागू नाही. अनेकांना हे वर्ष ओझं वाटतं. सातपुड्यातल्या मुलाला ते वाटू नये. पावरी किंवा भिली बोलणारा डॉक्टर मोलगी, तोरणमाळ किंवा नर्मदाकाठी बसला, तर रुग्ण आपलं दुखणं पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत सांगतो.

शेवटी यादीच्या खालच्या भागाबद्दल. घरोघरी सगळा वाद पहिल्या दोन ओळींवर होतो आणि तिसरीपासून विसावीपर्यंतच्या ओळी सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून दहा मिनिटांत भरल्या जातात. बहुसंख्य मुलांना प्रत्यक्षात मिळतं ते याच ओळींतलं काहीतरी. तिथे पुण्याचं बी. जे. आहे, ससूनचं प्रचंड रुग्णालय सोबत घेऊन. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे, १९६९ पासून खेड्यासाठी डॉक्टर घडवणारं. राज्याचा ७०:३० हा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाल्यापासून नागपूरचं शासकीय महाविद्यालयही नंदुरबारच्या मुलांना पूर्वीपेक्षा मोकळं झालं आहे. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे आहे, जळगावचं आहे, आणि २०२० मध्ये १०० जागांवर सुरू झालेलं नंदुरबारचं स्वतःचं आहे. नंदुरबारचं महाविद्यालय नवं आहे, शिक्षक कमी-जास्त असतात, सुपरस्पेशालिटी पाहायला मिळत नाही. पण १०० जणांच्या वर्गात मागची रांग लवकर संपते, आणि सर्पदंश, कुपोषण, सिकलसेल, उशिरा आणलेलं बाळंतपण हे तिथे रोजचं काम आहे. ज्या मुलाला घर सोडवत नाही, किंवा ज्याच्या घरी त्याच्याशिवाय हात नाही, त्याने नंदुरबार पाचव्या ओळीत लिहावं, विसाव्या नव्हे. माझी स्वतःची यादी अशी होईल: केईएम, जेजे, बी. जे., सेवाग्राम, मग नागपूर, आणि त्याखाली धुळ्याच्या आधी नंदुरबार.